मद्यजन्य यकृतविकार व आहार

मद्यजन्य यकृतविकार व आहार : मद्यपानाने यकृतास होणाऱ्या इजेत खाण्यापिण्याचा वाटा. इजेचे तीन टप्पे मानतात : मेदयुक्त यकृत (फॅटी लिव्हर), मद्यजन्य यकृतशोथ व सिरोसिस (यकृतात व्रणऊती साठून ते कठीण होणे). प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले असतात. वर्षानुवर्षे पिणाऱ्या सर्वांनाच सिरोसिस होत नाही. असे का, या प्रश्नातूनच आहाराकडे लक्ष गेले.

यंत्रणा : १ ग्रॅ. अल्कोहॉलपासून सु. ७ किलोकॅलरी मिळतात. प्रथिने वा जीवनसत्त्वे नाहीत. यकृतात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड व मग अ‍ॅसिटेट होते. या विक्रियांत मेदाम्लांचे ज्वलन मंदावून मेद पेशींतच साठतो.

कुपोषण की विष? : पिणारा जेवत नाही म्हणून यकृत बिघडते, हे मत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रबळ होते. इन्शुलिनच्या शोधातील चार्ल्स बेस्ट व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये उंदरांना अल्कोहॉल किंवा तितक्याच कॅलरींची साखर दिली. इजा दोन्हींत झाली व कोलीन हे पोषकद्रव्य दिल्यावर टळली. त्यामुळे अल्कोहॉल यकृताला साखरेहून अधिक विषारी ठरत नाही, असे त्यांनी मांडले. अडचण उंदरांची होती : पाण्यात अल्कोहॉल मिसळले की ते पुरेसे पीतच नाहीत. न्यूयॉर्कचे चार्ल्स लीबर व लिओनोर डीकार्ली यांनी ते थेट द्रव आहारात मिसळले. एकूण कॅलरींपैकी सु. ३६% अल्कोहॉलच्या, भूक लागली की पिणे भागच. साधी युक्ती, पण पुढचे बरेच संशोधन तिच्यावर उभे आहे. सकस आहारासोबत अल्कोहॉल घेणाऱ्या स्वयंसेवकांतही यकृतात मेद साठला. पुढे सत्तरच्या दशकात बबून माकडांत सिरोसिसही दिसला. त्या आहारात कोलीन पुरेसे होते का, यावर मतभेद आहेत.

मेदाचा प्रकार : अल्कोहॉलसोबत मक्याचे तेल दिलेल्या उंदरांत इजा झाली, गोवंशीय चरबी दिलेल्यांत टळली. माणसाच्या ताटाला हा निष्कर्ष लावू नये.

लठ्ठपणा : लठ्ठपणा व मद्यपान या दोहोंचा एकत्रित धोका बेरजेपेक्षा जास्त, असे स्कॉटलंडमधील पुरुषांच्या पाहणीत दिसले (२०१०). मेदयुक्त यकृतविकारांच्या २०२३ मधील वर्गीकरणात चयापचयाचा बिघाड व मध्यम मद्यपान एकत्र असणाऱ्यांचा स्वतंत्र गट केला आहे : आठवड्याला पुरुषांत २१०–४२०, स्त्रियांत १४०–३५० ग्रॅ. अल्कोहॉल. भारतीय व्हिस्कीच्या १८० मिलि. क्वार्टरमध्ये ते सु. ६० ग्रॅ. असते, म्हणजे रोज एक क्वार्टर घेणारा पुरुष वरच्या मर्यादेवर पोचतो. त्याबरोबरच्या फरसाण-भज्यांचा हिशेब या वर्गीकरणात नाही.

पथ्य : मद्यपान बंद करणे हा मुख्य उपचार. पूर्वी सिरोसिसमध्ये प्रथिने तोडत. आता दर किलो वजनामागे रोज १.२–१.५ ग्रॅ. सुचवतात. शिवाय रात्र उपाशी जाऊ नये म्हणून झोपताना थोडे खायला देतात. पोटात पाणी झाल्यास मीठ कमी करतात. महाराष्ट्रात कावीळ दिसली की तेल व हळद वर्ज्य करून उसाचा रस देण्याचा घरगुती प्रघात आहे. आधीच खंगलेल्या मद्यपी रुग्णाला केवळ रसावर ठेवणे घातक ठरू शकते. डाळ, दूध, अंडी थांबवू नयेत.

कॉफी : नियमित पिणाऱ्यांत सिरोसिस कमी आढळतो; कारण निश्चित नाही.