हुप्प्या बदलतो तेव्हा

साल १९६२. धारवाडजवळच्या सागाच्या रानात तुम्ही उभे आहात. हलू नका, पाचोळा वाजेल. थोड्या अंतरावर वही घेऊन बसलेत ते क्योतो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा. वानरांच्या टोळीतल्या अशाच सत्तापालटावरची व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ कादंबरी यायला अजून बरीच वर्षं आहेत.

वर फांद्यांवर वानरांची टोळी आहे. हुप्प्या एकच. बाकी वानरी आणि पोरं. एक काळपट तान्हं या मांडीवरून त्या मांडीवर फिरतंय, कारण या वानरी बहुतेक एकमेकींच्या नात्यातल्या. लेकी जन्माच्या टोळीतच राहतात, लेक बाहेर पडतात. यंदाची पिल्लं जवळपास सगळी एकाच बापाची.

एवढ्यात सडेफटिंग नरांची टोळी चाल करून येते. किंचाळ्या, दात, तुटणाऱ्या डहाळ्या. जुना हुप्प्या पळतो. आलेल्यांपैकी एकजण इतरांनाही हुसकावतो आणि मग तान्ह्यांवर उलटतो. तुमची नजर वळते. माझीही वळली असती. पिल्लू गेलेली वानरी काही दिवसांत माजावर येते, याच नराकडे जाते.

हे पिसाळणं की आणखी काही? उत्तरासाठी पुढे सरका. १९७१, अबूचा डोंगर. इथल्या वानरांचा अभ्यास करणाऱ्या सेरा हर्डी म्हणणार आहेत, की नवा नर परक्याची पोरं मारून स्वतःची पोरं लवकर जन्माला घालतो. अनेकांना ते पटणार नाही. नेपाळमधल्या रामनगरला संशोधक वानरांची विष्ठा गोळा करतील, तिच्यातला डीएनए वाचतील. १९९९ साली निकाल येईल: पिल्लांवर तुटून पडणाऱ्या नरांपैकी एकही त्या पिल्लांचा बाप नव्हता.

आता पुन्हा धारवाड. या क्रौर्याचं समर्थन मला करवत नाही, पण नुसतं क्रौर्य पाहून परतलात तर अर्धंच पाहिलंत. लेकी वयात येईपर्यंत बाप बहुधा टोळीत उरलेला नसतो, म्हणून बाप-लेकीचा संबंध टळतो. फक्त आईकडूनच येणारा डीएनए याच रानात पिढ्यान्‌पिढ्या मुरतो. बापाकडचा दुरून चालत येतो. मधलं रान तुटलं, तर ही वाटही तुटते.

तिकडे बघा. जुन्या हुप्प्याबरोबर हाकललेले कोवळे नर रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडीत शिरताहेत. त्यांतला एखादा उद्या दुसऱ्या टोळीचा हुप्प्या होईल. तिथल्या वानरींना तो परका असेल.