लघवीच्या साक्याची कुळकथा

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आज लघवीतली प्रथिनं, गुणसूत्रं, डीएनए असं बरंच काही तपासतात. या घराण्याचा मूळ पुरुष गाठायचा तर १८५६ सालच्या प्रागमध्ये जावं लागतं. तिथल्या विलेम दुशान लाम्ब्ल या डॉक्टरने रुग्णाच्या लघवीचा तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यातल्या पेशींवरून कर्करोग ओळखता येतो, असं लिहून ठेवलं. जग त्याला ओळखतं ते मात्र जिआर्डिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीमुळे. हा त्याच्यावर अन्यायच म्हणायचा.

पुढे १८७७मध्ये माक्स निट्झेने मूत्राशयात डोकावणारी दुर्बीण दाखवली. गाठ डोळ्यांनीच दिसू लागल्यावर साक्याचं कौतुक कोण करणार?

त्याची गरज पुन्हा भासली ती रंगाच्या कारखान्यांमुळे. १८९५मध्ये फ्रँकफुर्टचा शल्यविशारद लुडविग रेन याने फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी सापडल्याचं सांगितलं. रंगधंद्यातलं बीटा-नॅफ्थिलअमाइन हे रसायन किती घातक आहे, ते नंतर सिद्ध झालं. पण रसायनाशी संबंध संपल्यावरही कित्येक वर्षांनी रोग उपटतो. अशा शेकडो धडधाकट दिसणाऱ्या माणसांना दर काही महिन्यांनी दुर्बीण घालणार कशी? लघवी मात्र कोणीही देईल.

उपाय आला न्यूयॉर्कहून. गर्भाशयमुखाच्या ‘पॅप’ चाचणीमुळे नाव झालेले जॉर्ज पापानिकोलाउ आणि मूत्ररोगतज्ज्ञ व्हिक्टर मार्शल यांनी १९४५मध्ये साक्याचा लेप काचपट्टीवर रंगवून कर्करोगाच्या पेशी टिपण्याची रीत मांडली. हीच आपली सायटोलॉजी. तिची एक गंमत आहे. बाकी तपासण्यांना सकाळची पहिली लघवी मागतात. इथे तीच नको असते, कारण रात्रभर साचून पेशी खराब झालेल्या असतात.

तिची खरी अडचण वेगळीच. आक्रमक गाठीच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सहज सुटतात, विद्रूपही दिसतात. सौम्य गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच, मग भल्या-भल्या तज्ज्ञाची नजर फसते. हा रोग तर पुन्हा पुन्हा उद्भवणारा, म्हणजे दुर्बिणीच्या फेऱ्या वर्षानुवर्षं चालू.

१९९०च्या दशकात एनएमपी-२२ आणि बीटीए या प्रथिन-चाचण्या निघाल्या. सौम्य गाठी त्यांना जास्त सापडतात, पण मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असला तरी त्या बोट वर करतात. बीटीए ज्या प्रथिनाला पकडते, त्याचा भाऊबंद रक्तातच असतो. त्यामुळे लघवीत रक्त आलं की ती हमखास गोंधळते, आणि या रोगाची पहिली खूण लघवीत रक्त येणं हीच! त्यापेक्षा युरोव्हिजन ही चाचणी मला जास्त प्रामाणिक वाटते. तीन, सात आणि सतरा या गुणसूत्रांच्या जादा प्रती आणि नवव्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा ती चमकत्या रंगांनी मोजते. साका तोच, फक्त पेशीच्या रूपाऐवजी तिच्या आतला हिशेब तपासायचा.

आता टर्ट आणि एफजीएफआर-३ या जनुकांतले बदल लघवीतल्या डीएनएत शोधतात. टर्टमधला बदल सौम्य आणि आक्रमक अशा दोन्ही गाठींत आढळतो, म्हणजे सायटोलॉजी जिथे अडली नेमकी तिथली ही वाट. तरी धोका जास्त असलेल्या रुग्णाची दुर्बीण अजून कोणत्याही चाचणीला चुकवता आलेली नाही.