विषाणू समजलेली डबी

जिवाणूच्या घरात खोल्या नसतात, असं शाळेतच शिकलेलं असतं. केंद्रक नाही, हरितलवक नाही. पेशीच्या पिशवीत सगळी प्रथिनं एकत्र. कार्बोक्सीसोम नावाच्या डबीने ही समजूत मोडली, पण तिला स्वतःची ओळख पटवायला सतरा वर्षं लागली.

१९५६ साली ड्रेव्स आणि निक्लोव्हिट्झ या जर्मन संशोधकांना फॉर्मिडियम नावाच्या नील-हरित जिवाणूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोनाकोनाचे ठिपके दिसले. पुढे इतरांनाही ते दिसू लागले. व्यास साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दहा हजार मावतील. आकार थेट जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूच्या डोक्यासारखा, त्यामुळे संशयही त्याच्यावरच गेला.

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या जेसप शायव्हली आणि सहकाऱ्यांनी गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्या एका जिवाणूतून हे ठिपके वेगळे काढले. आत निघाला रुबिस्को, म्हणजे हवेतला कार्बन पकडून साखरेच्या वाटेला लावणारं एन्झाइम. त्यावरूनच बारसं झालं : कार्बोक्सीसोम. ‘सोम’ म्हणजे ग्रीकमध्ये शरीर; आपल्या सोमाशी त्याचं नातं नाही.

रुबिस्को हा मोठा कामाचा, पण भारी संथ आणि वेंधळा गडी. कार्बन डायऑक्साइड पकडायचा सोडून अधूनमधून ऑक्सिजनलाच धरतो. जिवाणूने त्याला डबीत कोंडलं. कवचाच्या बारीक भोकांतून बायकार्बोनेट आत शिरतं, आतलं दुसरं एन्झाइम त्याचा कार्बन डायऑक्साइड करतं आणि तो निसटण्याआधी रुबिस्कोच्या हाती लागतो. कवच बिघडलेले जिवाणू साध्या हवेत तग धरत नाहीत. त्यांना जादा कार्बन डायऑक्साइड पुरवावा लागतो.

खरी गंमत कवचात आहे. त्यात मेदाचा पडदा नावालाही नाही, आहेत त्या प्रथिनांच्या फरश्या. २००५ साली चेरिल केरफेल्ड, टॉड येट्स आणि सहकाऱ्यांनी या फरश्यांची रचना उलगडली : सहा प्रथिनं मिळून एक षटकोन, मधोमध भोक. पण नुसत्या षटकोनांनी डबी मिटत नाही, सपाट जमीनच होते. बाराही कोपऱ्यांवर पंचकोन लागतात. जुन्या पद्धतीच्या फुटबॉलवरचे काळे तुकडे मोजा, तेही बाराच.

अशा डब्या इतरांकडेही निघाल्या. साल्मोनेला प्रोपेनडायॉल पचवताना तयार होणारा विषारी अल्डिहाइड तशाच कवचात कोंडून ठेवतो.

आता रुबिस्कोच्या या डब्या पिकांच्या पानांत बसवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकात साधे कार्बोक्सीसोम तयार करून दाखवले. ती रोपं वाढली, पण जादा कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या हवेतच.