अंड्यांत पक्षी असतो काय ?

कोंबडीचें अंडें एकवीस दिवस उबेंत राहिलें म्हणजे त्यांतून पिलूं बाहेर येतें, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे कीं तींत विचारण्यासारखें कांहीं आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु ज्या अंड्यांत पहिल्या दिवशीं डोळा, चोंच, पंख यांचा मागमूसहि नसतो, त्यांत हें सर्व येतें कोठून ? तें सूक्ष्मरूपानें आधींच तेथें होतें, कीं नव्यानें घडलें ? या प्रश्नानें विद्वानांच्या अनेक पिढ्या झुंजविल्या आहेत.

आमच्याकडेहि हा प्रश्न निघाला होता. गर्भाचें कोणतें अंग प्रथम उत्पन्न होतें, याविषयींचीं ऋषींचीं मतें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत दिलीं आहेत. शौनक मस्तक म्हणतो, कृतवीर्य हृदय, पाराशर्य नाभि. धन्वंतरीचा निर्णय असा कीं, सर्व अंगें एकदमच उत्पन्न होतात. सूक्ष्मपणामुळें तीं दिसत नाहींत इतकेंच. कोवळ्या कैरींत गर, कोय, केसर निरनिराळीं ओळखूं येत नाहींत, पिकल्या आंब्यांत येतात, हा त्यास दिलेला दृष्टांत. उलट ग्रीस देशांत ॲरिस्टॉटलनें उबवणीच्या निरनिराळ्या दिवशींचीं अंडीं फोडून पाहिलीं. त्यास प्रथम स्पंदन पावणारा हृदयाचा ठिपका दिसला व मागाहून इतर अंगें दिसलीं. म्हणून अवयव एकामागून एक घडतात असें त्यानें ठरविलें. १६५१ सालीं इंग्लंडांत हार्वेनेंहि हाच पक्ष उचलून धरला.

पुढें सूक्ष्मदर्शक यंत्र आलें, आणि ज्यानें वाद मिटावयाचा त्यानेंच तो वाढविला. १६७२ सालीं इटलींतील माल्पीगी यास न उबविलेल्या अंड्यांतहि पिलाची रूपरेषा दिसली. उन्हाळ्याच्या उष्म्यानें त्या अंड्यांतील वाढ आधींच सुरू झाली असावी, असा पुढील अभ्यासकांचा तर्क आहे. पण त्या काळीं तो पुरावा निर्णायक वाटला. प्रत्येक प्राणी बीजांत घडलेलाच असतो, त्याच्या पोटीं पुढची पिढी, तिच्या पोटीं त्यापुढची, अशी डबीच्या आंत डबी सृष्टीच्या आरंभींच भरून ठेवलेली आहे, हें मत सर्वत्र मान्य झालें. १६९४ सालीं हार्टसूकर यानें शुक्रबिंदूंत गुडघे पोटाशीं घेऊन बसलेला चिमुकला मनुष्य चित्रित केला. तो प्रत्यक्ष पाहिल्याचा त्याचा दावा नव्हता. परंतु लोकांच्या लक्षांत चित्र राहिलें, ही पुस्ती राहिली नाहीं.

या मतास केवळ भाबडेपणा म्हणणें अन्यायाचें होईल. निर्जीव कणांनीं आपणच डोळ्यासारखें इंद्रिय रचावें हें बुद्धीस पटेना. त्यापेक्षां ईश्वरानें तें एकदांच रचलें हें म्हणणें सोपें होतें. परंतु त्याचें मोल फार मोठें होतें. सर्व आधींच झालेलें असेल तर जगांत नवें असें कांहीं घडतच नाहीं. वाढ म्हणजे नुसतें फुगणें ठरतें.

१७५९ सालीं हाले येथें कास्पार फ्रीडरिश वोल्फ या पंचवीस वर्षांच्या तरुणानें आपल्या प्रबंधांत या मतावर घाव घातला. त्या काळचा अग्रगण्य शरीरशास्त्रज्ञ हालर त्याच्या विरुद्ध होता. अवयव असतात, पण पारदर्शक असल्यामुळें दिसत नाहींत, असें हालर म्हणे. वोल्फनें पुढें आंतड्यावर केलेल्या संशोधनानें यास चोख उत्तर दिलें. पिलाचें आंतडें प्रथम सपाट पापुद्र्यासारखें असतें; मग तो पापुद्रा दुमडून पन्हळ होते, पन्हळीच्या कडा जुळून नळी होते. नळी आधींच असती तर ती लहान नळी म्हणूनच दिसली असती; पापुद्रा म्हणून नव्हे. बर्लिनमध्यें त्यास अध्यापकाची जागा मिळाली नाहीं, म्हणून १७६७ सालीं तो सेंट पीटर्सबर्ग येथें गेला व १७९४ सालीं तेथेंच वारला. आंतड्यावरील त्याचा लॅटिन ग्रंथ मेकेल यानें १८१२ सालीं जर्मन भाषेंत आणला, तेव्हां कोठें विद्वानांचें तिकडे लक्ष गेलें.

पण घडविणारा कोण, हा प्रश्न उरलाच. १८८८ सालीं रू यानें बेडकाच्या अंड्याच्या पहिल्या दोन पेशींपैकीं एक तप्त सुईनें मारली. उरलेलीपासून अर्धाच गर्भ झाला. १८९१ सालीं ड्रीश यानें सागरी साळूच्या अंड्याच्या दोन पेशी हलवून वेगळ्या केल्या. प्रत्येकीपासून लहान पण पूर्ण जीव झाला. भेदाचें मर्म हें कीं, रूच्या प्रयोगांत मेलेली पेशी जिवंत पेशीस चिकटून राहिली होती. आपण एकटें आहों कीं अर्धें, हें पेशी शेजारावरून जाणते म्हणावयाचें ! पुढें १९६२ सालीं गर्डन यानें बेडकाच्या डिंभाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्र काढून, केंद्र नष्ट केलेल्या अंड्यांत घातलें, आणि कांहीं अंड्यांतून पोहणारे डिंभ निघाले. ज्या आंतड्यानें वोल्फची बाजू सिद्ध केली, त्याच्याच पेशींत सर्व शरीराची आज्ञा साठविलेली निघाली. या कार्याबद्दल गर्डन यास २०१२ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

मग जिंकलें कोण ? अंड्यांत पक्षी नसतो, हें वोल्फचें म्हणणें खरें ठरलें. परंतु अंडें कोरेंहि नसतें. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आज्ञा त्यांत असते, एवढा अंश प्रतिपक्षाच्याहि पदरीं पडतो. म्हणून धन्वंतरीस आधुनिक शास्त्राचा आद्य द्रष्टा म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. त्यानें प्रश्न नेमका विचारला, हाच त्याचा मोठेपणा. यमनाचे नियम गवयास गुरूकडून मिळतात, पण त्या नियमांत आजची मैफल कोठेंहि नसते; ती स्वरामागून स्वर, मागच्या स्वराच्या आधारानें, दर वेळीं नव्यानें उभी राहते. प्रत्येक जीवाचें तसेंच आहे. आपल्या घरांतील मुलाकडे पाहतांना, तें उपजतांच ठरून गेलेलें आहे असें म्हणणाऱ्यांनीं कोंबडीच्या त्या एकवीस दिवसांचें स्मरण ठेवावें, इतकीच आमची विनंति आहे.