स्त्री-पुरुष विषमतेचे अध्यापन

स्त्री-पुरुष विषमतेचे अध्यापन : स्त्री व पुरुष यांच्या सामाजिक स्थानांतील अंतर निसर्गदत्त नसून ते सत्ता, मालमत्ता, जात व विवाहपद्धती यांतून घडते, या दृष्टीने महाविद्यालयीन समाजशास्त्रात केले जाणारे अध्यापन. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग सुरू झाला, पुढे गो. स. घुर्ये यांनी तो वाढविला. इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांचा मोलाचा अभ्यास केला. तथापि त्या काळच्या अभ्यासक्रमात स्त्रीचा विचार मुख्यतः कुटुंब व विवाह या प्रकरणांपुरता होई; तिच्यावरील सत्तेची चिकित्सा क्वचितच आढळे.

या चिकित्सेचा एक आद्य मराठी ग्रंथ मात्र विद्यापीठाबाहेर, बुलढाण्यात जन्मला होता. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. या खटल्यावरून वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर ठेवलेल्या दूषणांना उत्तर म्हणून ताराबाईंनी स्त्री-पुरुष तुलना (१८८२) हा ग्रंथ लिहिला. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण पुरुषांत अधिक आहेत, हे त्यांनी बोलीच्या ठसक्यात व तीव्र उपरोधाने दाखविले. त्यांचा रोख एका न्यायाधीशावर नव्हता. विधवेला पुनर्विवाह नाकारून पुरुषाला मोकळे सोडणाऱ्या रूढीवर होता. जोतीराव फुले यांनी सत्सारमध्ये (१८८५) त्यांची बाजू घेतली. पुढे सु. नव्वद वर्षे हा ग्रंथ विस्मृतीत गेला. साखरखेर्ड्याच्या १७२४ च्या लढाईने जिल्ह्याच्या इतिहासात स्थान मिळविले, ताराबाईंना मात्र स. गं. माळशे यांनी १९७५ मध्ये ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत थांबावे लागले.

हा काळ योगायोगाने अनुकूल होता. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीने १९७४ मध्ये अहवाल सादर केला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० वर आली होती. ज्या वर्गात प्रगतीचे सिद्धांत शिकविले जात, तेथे हा आकडा अडचणीचा होता. त्याच वर्षी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र स्थापन झाले. समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांचा त्यात पुढाकार होता. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये याच विद्यापीठात भरली.

जात व स्त्रीदास्य यांचा सांधा अध्यापनात येण्यास अधिक वेळ लागला, हे खेदाचेच. वस्तुतः भीमराव आंबेडकर यांनी कोलंबिया विद्यापीठातील आपल्या १९१६ च्या निबंधात सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही जातीअंतर्गत विवाह टिकविण्याची साधने असल्याचे दाखविले होते. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी हा धागा अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणला; आंबेडकरांचे या विषयावरील निवडक लेखन त्यांनी २०१३ मध्ये संपादित केले. ताराबाईंच्या ग्रंथाचे रोझॅलिंड ओ'हॅनलन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.