हार्पर्स फेरीच्या शिळा

इ. स. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती, ज्या अमेरिकनांनी आपल्या देशातील गुलामांना दास्यातून सोडवले त्यांना. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. त्या युद्धाचा जो अर्थ जोतीरावांनी पुण्यात बसून लावला, तो दगडावर कोरून ठेवण्यास खुद्द अमेरिकेत मात्र सगळेच तयार नव्हते. आज आपण ज्या गावी जाणार आहोत, तेथे ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते.

आपल्याकडील पुष्कळ मंडळी हल्ली मुलाबाळांना भेटण्यास अमेरिकेस जातात आणि वॉशिंग्टन पाहून येतात. तेथून वायव्येस साठ-पासष्ट मैलांवर हार्पर्स फेरी नावाचे लहानसे गाव आहे. पोटोमॅक आणि शेनँडोआ या नद्यांचा तेथे संगम होतो. भोवती उंच डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत गाव. पाण्याच्या जोरावर यंत्रे चालतील म्हणून अमेरिकन सरकारने अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे बंदुकांचा कारखाना काढला, आणि त्या बंदुकांपायीच गाव इतिहासात आले.

१६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री जॉन ब्राऊन हा गुलामगिरीचा कट्टर वैरी अठरा साथीदारांसह गावात शिरला. त्यांतले पाच जण कृष्णवर्णीय होते. शस्त्रागार ताब्यात घ्यावे, जे गुलाम येऊन मिळतील त्यांना शस्त्रे द्यावीत आणि डोंगराच्या आश्रयाने लढा चालवावा, असा बेत होता. (डोंगराचा आश्रय म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगावयास नको!) बेत फसला. ब्राऊन कारखान्याच्या बंबखान्यात कोंडला गेला आणि १८ तारखेस सकाळी सरकारी सैनिकांनी दार फोडून त्यास पकडले. त्या सैनिकांचा नायक होता कर्नल रॉबर्ट ली. पुढे दीड वर्षाने तोच सरकारविरुद्ध दक्षिणेच्या बाजूने उभा राहिला. २ डिसेंबरला ब्राऊन फासावर गेला.

युद्धात हे गाव आठ वेळा या हातातून त्या हातात गेले. सप्टेंबर १८६२ मध्ये स्टोनवॉल जॅक्सनने ते घेतले, तेव्हा उत्तरेचे बारा हजारांवर सैनिक शरण आले. व्हर्जिनियाचे दोन तुकडे होऊन १८६३ मध्ये गाव नव्या पश्चिम व्हर्जिनियात गेले. हे सर्व तेथील फलकांवर नीट लिहिलेले आहे, ते सावकाश वाचावे.

मला सांगावयाचे आहे ते निराळेच. तो बंबखाना आज जेथे दिसतो, तेथे तो मुळी नव्हताच. १८९१ मध्ये तो विकला गेला, विटा सोडवून शिकागोच्या प्रदर्शनासाठी नेण्यात आला, आणि तेथे दहा दिवसांत अकरा माणसे पाहावयास आली असे सांगतात! १८९५ मध्ये तो परत आणून गावाबाहेरच्या एका शेतात उभा केला. १९०६ च्या ऑगस्टमध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस आणि नायगारा चळवळीतील त्यांचे सहकारी त्या शेतात गेले ते पादत्राणे काढून, अनवाणी. देवळाच्या पायरीशी वहाणा काढणाऱ्या आपल्या लोकांना त्या कृतीचा अर्थ चटकन कळेल. पुढे गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी १८६७ साली निघालेल्या स्टोरर कॉलेजने ती इमारत घेतली, आणि १९६८ मध्ये ती मूळ जागेजवळ आली. मूळ जागेवर रेल्वेचा भराव असल्याने तेथे फक्त एक खुणेचा स्तंभ आहे.

या बंबखान्याजवळच रस्त्याच्या कडेला एक शिळा आहे, ती हेवर्ड शेपर्डची. शेपर्ड हा रेल्वेच्या स्टेशनावर सामान उचलणारा कृष्णवर्णीय माणूस, गुलाम नव्हे, स्वतंत्र. त्या रात्री पुलावरचा पहारेकरी कोठे गेला हे पाहावयास तो निघाला, अंधारात कोणी ‘थांब’ म्हणाले, तो मागे वळला आणि त्यास गोळी लागली. गुलामांच्या मुक्तीसाठी आलेल्यांच्या हातून पहिला बळी पडला तो एका कृष्णवर्णीयाचा. ब्राऊनचा गौरव करणाऱ्यांनी ही गोष्ट पुष्कळदा चाचरतच सांगितली आहे, हेही येथे कबूल केले पाहिजे.

शिळा उभारली गेली १९३१ मध्ये, दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या दोन संस्थांकडून. शेपर्ड हा मालकाशी इमान राखून बंडात न उतरलेल्या हजारो कृष्णवर्णीयांचा प्रतिनिधी, असा तिचा आशय आहे. परंतु त्या माणसाला ‘बंडात येतोस का?’ असे कोणी विचारलेच नव्हते! त्यास मालकही नव्हता. जो नकार देण्याची वेळच त्याच्यावर आली नाही, त्याचे श्रेय बहात्तर वर्षांनी त्याच्या नावे जमा करण्यात आले. म्हणून अशा स्थळी घटनेच्या सालाबरोबर शिळेचे सालही शोधून पाहावे, असे मला वाटते.

अनावरणाच्या समारंभातच स्टोरर कॉलेजातील संगीतशिक्षिका पर्ल टॅटन कार्यक्रमात नाव नसताना उठल्या. आपला बाप उत्तरेच्या सैन्यात आपल्या लोकांच्या स्वातंत्र्यासाठी लढला, असे त्यांनी यजमानांसमोर स्वच्छ सांगितले. पुढल्या वर्षी ड्युबॉइस यांनी प्रत्युत्तराचा लेख लिहून फलक तयार करविला. त्यात ब्राऊनबरोबर लढलेले गुलाम व गुलामांचे पुत्र होते, त्याच्यामागून आलेले दोन लाख कृष्णवर्णीय सैनिक आणि मुक्त झालेले चाळीस लाख लोक होते. कॉलेजच्या श्वेतवर्णीय अध्यक्षांनी तो लावू दिला नाही. कॉलेज १९५५ मध्ये बंद पडले.

शेपर्डची शिळा पुढे दुरुस्तीच्या कामासाठी हलवण्यात आली, १९८१ मध्ये परत आली, पण वादाच्या भयाने लाकडी फळ्यांनी झाकून ठेवली गेली. १९९५ मध्ये फळ्या निघाल्या आणि शेजारी दुसरी बाजू सांगणारा फलक लागला. माझ्या मते हे योग्यच झाले. ती शिळा फोडली असती, तर १९३१ मध्ये लोक काय म्हणण्यास धजत होते याचा पुरावाच गेला असता.

ड्युबॉइस यांचा लेख अखेर २००६ मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांनी, जुन्या कॉलेजच्या आवारात लागला. बंबखाना आणि शेपर्डची शिळा खाली नदीकाठी, स्टेशनाजवळ आहेत. हे आवार वर टेकडीवर आहे. संध्याकाळची गाडी गाठावयाची असेल, तर त्या चढणीपुरता वेळ आधीच राखून ठेवावा.