अर्थ अवर: एक तास दिवे बंद कशासाठी?

हवामान बदलाकडे लक्ष वेधण्यासाठी मार्चअखेरच्या एका शनिवारी रात्री 8.30 ते 9.30 घरातील अनावश्यक दिवे बंद ठेवण्याचा उपक्रम म्हणजे 'अर्थ अवर'. डब्ल्यूडब्ल्यूएफने 2007 मध्ये तो सिडनीत सुरू केला. भारत 2009 पासून सहभागी आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा जाळून वीज होते, तापमानही वाढते. लहरी पावसाचा पहिला फटका कोरडवाहू शेतकऱ्याला आणि शेतमजुराला बसतो.

तासाभरात फार वीज वाचत नाही. प्रश्न मात्र चर्चेत येतो. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात 1942 ते 1946 काम करताना बाबासाहेबांनी स्वस्त, मुबलक विजेचा आग्रह धरला. म्हणून आम्ही वस्त्यांसाठी अंधार नव्हे, सौरऊर्जा मागतो. त्या तासात विहारात जमून यावर बोलूया.